दहा मोजेपर्यंत

ऑफिसात त्याला सगळे कात्री म्हणत. लहान मुलांचे व्हिडिओ कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी तो स्वतःच सांगून मोकळा होई. दोन तासांचं चित्रीकरण त्याच्या हातात द्यावं, संध्याकाळपर्यंत त्याची सहा मिनिटं झालेली असत, आणि त्या सहा मिनिटांत एक क्षण रिकामा सापडला तर शपथ. कुणी श्वास घेतला, काप. कुणी आवंढा गिळला, काप. दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा उरते तिला त्यांच्या धंद्यात भोक म्हणत, आणि व्हिडिओत भोक राहता कामा नये असा मालकांचा हुकूमच होता. "भोक दिसलं की पोरगं त्यातून निसटलं म्हणून समज," असं ते म्हणत. मुलं कितव्या सेकंदाला व्हिडिओ सोडून जातात हे दाखवणारा एक मोठा आलेख त्यांच्या भिंतीवर लावलेला होता. त्या उतरत्या रेघेला ते गळती म्हणत, आणि घरातला नळ ठिबकत असल्यासारखे तिच्याकडे बघत.

स्टुडिओ म्हणजे एका गालिच्याच्या दुकानावरचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते, आणि चॅनेलची नायिका होती एक कोंबडी, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, वा, काय सजावट केलीय. कोंबडीचं नाव कुक्कू. नारंगी लोकरीची, बटणांच्या डोळ्यांची, हातात घालून नाचवायची बाहुली. तिच्या आतला हात आत्यांचा आणि आवाजही आत्यांचाच. आत्या तिथे कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. तीस वर्षं बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या, आणि कामावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालकांना नखं कापायला सांगितल्यापासून सगळे त्यांना आत्याच म्हणत.

आत्यांची कात्रीविरुद्ध एकच तक्रार होती. "अरे, मला श्वास तरी घेऊ देत जा. व्हिडिओत बघते तर मी सहा मिनिटं एका दमात बोलतेय. आमच्या शेजारीण विचारत होत्या, तब्येत बरी आहे ना म्हणून."

"आत्या, श्वास तुमचा, पण वेळ मुलांचा," कात्री म्हणे, आणि पुढचा श्वास कापायला घेई.

घरी त्याला एक मुलगी होती. चेहरा गोल, डोळे गोल, पोट गोल, म्हणून गोटी. गोटीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि संध्याकाळी सातला घरी यायची. पाच ते सात गोटी बापाकडे. त्या दोन तासांत कात्रीने एक युक्ती शोधून काढली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. अर्धवट कापलेला व्हिडिओ तो घरी आणी, गोटीला समोर बसवी, आणि स्वतः व्हिडिओकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघे. जिथे तिची नजर हलली, तिथे दुसऱ्या दिवशी कात्री चाले. गोटीची नजर शेवटपर्यंत हलली नाही की व्हिडिओ पक्का. मालक खूष, गोटी गप्प, आणि ताटातलं केळं तोंडात कधी गेलं ते तिचं तिलाही कळत नसे.

गोटी गप्प होती, हे मात्र जरा जास्तच झालं. पावणेतीन वर्षांची झाली तरी तिच्याकडे जेमतेम आठ शब्द होते, आणि त्यातला सगळ्यात लाडका शब्द होता शाब्बास. तो कुठून आला हे सांगायला ज्योतिषी नको. कुक्कू विचारायची, "यातला मोठा चेंडू कुठला?" मग पाऊण सेकंद. मग लगेच, "शाब्बास." प्रत्येक व्हिडिओत असं वीसपंचवीस वेळा. गोटीने त्यातून सरळ अर्थ काढला होता: कुणी काही विचारलं, की शाब्बास म्हणायचं.

"गोटी, भूक लागली का?"

गोटी टाळ्या वाजवी. "शाब्बास."

"गोटी, कुठे दुखतंय का?"

"शाब्बास."

आधी आधी हसून हसून पुरेवाट झाली. कुणी घरी आलं की हा कार्यक्रम मुद्दाम करून दाखवला जाई. मग हळूहळू हसू ओसरलं. खालच्या मजल्यावरची मुलगी गोटीपेक्षा दोन महिन्यांनी लहान, ती जिन्यात भेटली की "काका, तुमच्या शर्टाला डाग पडलाय" असं तोंडावर सांगायची. कात्री तिला "हो का गं" म्हणायचा आणि वर येईपर्यंत त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

शेवटी गोटीच्या आईने दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि तिघं गेली एका थेरपिस्टकडे, बोलायला उशीर होणाऱ्या मुलांना बघणाऱ्या. कान आधीच तपासून झाले होते, उत्तम होते. थेरपिस्ट बाई खाली सतरंजीवर बसल्या, गोटीसमोर एक लाकडी डबा ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि नुसत्या बघत राहिल्या. गोटीने डबा उलटा केला, दातांनी ओढला, आणि शेवटी बाईंच्या हातात आणून दिला. एवढं व्हायला मिनिटभर लागलं. त्या मिनिटात कात्री तीनदा पुढे झाला होता आणि तिन्ही वेळा बायकोने त्याचा शर्ट मागून धरला होता.

"घरी व्हिडिओ किती वेळ बघते?" बाईंनी विचारलं.

कात्रीने सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. मग त्यांनी दोघांना काम काय करता ते विचारलं, तेव्हा मात्र तो गोटीचा फ्रॉक नीट करायला वाकला. बायकोनेच सांगून टाकलं, "हे व्हिडिओ हाच कापतो."

बाई हसल्या. "अच्छा. शाब्बास तुमचं होय? माझ्याकडे या महिन्यातलं हे तिसरं शाब्बास आहे."

कात्रीला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं.

"हे सगळं व्हिडिओमुळेच झालं असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "काही मुलं उशिरा बोलतात, त्यांची घडणच तशी असते. पण बोलणं शिकायला समोर थांबणारं माणूस लागतं. मुलाला ऐकायला वेळ लागतो, कळायला वेळ लागतो, शब्द शोधायला वेळ लागतो. तेवढ्यात पडदा पुढे गेलेला असतो. तुम्ही एक करा. तिला काहीतरी विचारा आणि मनात दहा मोजा. तोपर्यंत बोलायचं नाही, सुचवायचं नाही, हातात वस्तू द्यायची नाही. व्हिडिओ दिवसातून वीस मिनिटं, तेही कुणीतरी शेजारी बसून. तीन महिन्यांनी भेटू."

दहा आकडे मोजायचे, त्यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. गोटीच्या आईला काहीच जड गेलं नाही. तिचा दिवसच त्यात जायचा. माणसाच्या डोळ्यांपुढे भिंग धरायचं, विचारायचं, "आत्ता जास्त स्पष्ट, की मगाशी?" आणि थांबायचं. गिऱ्हाईक डोकं खाजवतं, पुन्हा दाखवा म्हणतं, मग शेवटी म्हणतं, दोन्ही सारखंच. घाई केली तर चुकीचा चष्मा जायचा. तिने घरी तेच सुरू केलं. दोन फ्रॉक दोन हातांत धरायचे, "हा की हा?" म्हणायचं, आणि गप्प उभं राहायचं. पहिले चार दिवस गोटीने कुक्कूसाठी घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी ती दमली. नवव्या दिवशी तिने हिरव्या फ्रॉकला हात लावला आणि म्हणाली, "हा."

कात्रीचं मात्र घोडं चारच्या पुढे सरकेना. "गोटी, पाणी हवं की दूध?" एक, दोन, तीन, चार, आणि पाच म्हणायच्या आधी त्याचा हात दुधाच्या पेल्याकडे गेलेला असे. भोक दिसलं की ते बुजवायचं, ही बारा वर्षांची सवय बोटांत मुरली होती. गप्प बसलं की त्याला मानेमागे खाज सुटे. एकदा तो नेटाने सातपर्यंत पोचला, तेव्हा स्वतःच्याही नकळत म्हणाला, "दूध, हो ना? चला, दूध."

"शाब्बास," गोटी म्हणाली.

आईशी ती आता "हा" म्हणायची, "नको" म्हणायची, एकदा तर "अजून केळं" असे दोन शब्द जोडून म्हणाली होती. बापाने काही विचारलं की अजून शाब्बास. कात्रीला आनंद व्हायचा आणि आतून जळजळही व्हायची, आणि स्वतःच्याच बायकोचा हेवा वाटतो म्हणून लाजही वाटायची. त्याला फार काही नको होतं. आपण विचारावं आणि आपल्या पोरीने आपल्याला उत्तर द्यावं, एकदा, एवढंच.

"तू मनात मोजू नकोस," बायको म्हणाली. "मनात तुझी गाडी पळते. बोटाने मोज."

तेव्हापासून तो गुडघ्यावर बोट आपटून मोजू लागला. काही विचारायचं, हात गुडघ्यावर ठेवायचा, आणि तर्जनीने दहा टिचक्या, एकामागून एक, सावकाश. बोटाला काम मिळालं तशी जीभ जरा ताब्यात आली. बसमध्ये, दुकानात, दाढी करताना तो टिचक्यांचा सराव करायचा. कंडक्टरने "कुठे उतरणार?" विचारलं तेव्हाही त्याने सवयीने बोट हलवायला सुरुवात केली, आणि मागच्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या.

हीच सवय त्याला ऑफिसात नडली. त्या दिवशी कुक्कूचं अंडं हरवलं होतं. कुक्कूने इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आणि कॅमेऱ्याकडे वळून विचारलं, "माझं अंडं कुठे गेलं?" मागे टोपलीच्या कडेतून अर्धं अंडं डोकावत होतं. आत्या नेहमीप्रमाणे इथे थांबल्या होत्या. त्या नेहमीच थांबत आणि कात्री नेहमीच ते कापून टाकी. आज मात्र कोंबडीने प्रश्न विचारला आणि त्याचा डावा हात आपोआप गुडघ्यावर गेला. एक, दोन, तीन. कुक्कू मान तिरकी करून बघत होती. सात, आठ. कात्रीही तिच्याकडे बघत होता. दहा झाले, आत्यांचं "शाब्बास" आलं, तो पुढच्या भागाकडे वळला. आपलं काही चुकलंय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. व्हिडिओ संध्याकाळी चॅनेलवर गेला आणि कात्री घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी बोलावलं.

"बस. हे काय आहे?" त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. कुक्कूने अंड्याबद्दल विचारलं आणि दहा सेकंद नुसती बघत राहिली. "मला वाटलं नेट गेलं. मी घरी राउटर दोनदा बंद-चालू केला."

बारा वर्षांत कात्रीच्या हातून असं झालं नव्हतं. "भोक राहिलंय," तो म्हणाला. "माझी चूक आहे. आत्ता कापतो."

"हे भोक नाही, खिंडार आहे," मालक म्हणाले. मग त्यांनी गळती दाखवली. रेघ तिथे खाली घसरली होती, चांगलीच. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. व्हिडिओ अडकतो. कोंबडी बंद पडली. मालक वाचत गेले आणि मध्येच त्यांचा आवाज मंदावला. एका आजोबांनी लिहिलं होतं, की नातवाने मोबाइल उचलून खाली वाकून पाहिलं, अंडं तिथे आहे का म्हणून. एका आईने लिहिलं होतं, मुलगा एरवी व्हिडिओ बघताना हाक मारली तरी वळत नाही, आज तो 'टोपलीत' असं म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, आई, टोपलीत. मी हातातलं काम सोडून आले. असं आणखीही सातआठ जणांनी लिहिलं होतं.

"आणि हे बघा," कात्री म्हणाला. हे त्याला आत्ताच दिसत होतं. "जे इथे गेले नाहीत ते शेवटपर्यंत कुठेच गेले नाहीत. पुढे रेघ सपाट आहे."

मालक काही बोलणार तोच आत्या आत आल्या. त्यांना बातमी लागली होती. चित्रीकरण अर्धं टाकून आल्या होत्या, त्यामुळे कुक्कू हातातच होती, आणि गंमत अशी की बोलताना मालक आत्यांकडे न बघता कोंबडीकडेच बघू लागले.

"माझं थांबणं ठेवलं म्हणे," कुक्कू म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा. पेढे वाटू का?"

"आत्या, दहा सेकंद परवडत नाहीत," मालक म्हणाले. "फार तर तीन."

"तीन सेकंदांत तुम्हाला तरी उत्तर सुचतं का?"

"म्हणजे?"

"काल दुपारी काय भाजी खाल्लीत?"

मालकांनी छताकडे बघितलं. मग दरवाज्याकडे बघितलं. आत्या मोकळ्या हाताची बोटं एकेक करून मिटत होत्या. "भोपळा," मालक म्हणाले.

"पाच सेकंद लागले. तुम्ही पंचावन्न वर्षांचे आहात आणि भोपळा तुम्ही आयुष्यभर खाल्लाय. माझ्या समोरचा अडीच वर्षांचा आहे."

कात्री खाली मान घालून हसला. मालकही हसले, पण व्यवहार सोडणारा तो माणूस नव्हता. बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं की दर सोमवारच्या व्हिडिओत कुक्कू थांबेल, सात सेकंद, त्याच्या वर एक नाही, आणि त्याची गळती वेगळी मोजली जाईल. बाकीचे दिवस होतं तसंच. दर सोमवारी सुरुवातीला एक वाक्यही येईल, की आज कुणीतरी मोठ्याने शेजारी बसा. ते वाक्य मालकांनीच सुचवलं. आत्या म्हणाल्या, कुक्कूला हे मान्य आहे.

आता सोमवारसाठी थांबायचं कसं हे बघायला हवं होतं. कात्रीने जेवणाच्या सुट्टीत जुनं चित्रीकरण उघडलं, चार वर्षांचं, जे कापून फेकलं तरी मूळ प्रत कपाटात राहते ते. त्यातली फक्त आत्यांची थांबण्याची जागा शोधून तो एकाला एक जोडत गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो भोकं गोळा करत होता. अकरा मिनिटं भरली तेव्हा तो थांबला आणि सलग बघायला बसला. अकरा मिनिटं एक नारंगी कोंबडी काही न बोलता त्याच्याकडे बघत होती. कधी मान तिरकी करून, कधी पुढे झुकून, कधी चोच किंचित उघडून. आणि दरवेळी सहाव्या-सातव्या सेकंदाला ती हळूच मान डोलवायची, कुणी काही सांगितल्यासारखी. त्याने कुक्कूला हजारो तास पाहिलं होतं, पण ही मान त्याला कधीच दिसली नव्हती, कारण तिथवर तो पोचलाच नव्हता, आणि अंड्याच्या व्हिडिओत पोचला तेव्हा लक्ष आकड्यांत होतं.

तो उठून आत्यांकडे गेला. आत्या डबा खात बसल्या होत्या.

"आत्या, थांबता तेव्हा तुम्ही काय करता? मोजता?"

"मोजते कशाला? ऐकते."

"काय ऐकता? समोर तर कॅमेरा असतो."

"पलीकडे जो बसलाय तो काहीतरी म्हणतोच की. तो बोलला की मग मी म्हणते शाब्बास." आत्यांनी डब्याचं झाकण लावलं. "नाहीतर उगीच कुणाला म्हणायचं?"

पलीकडे कोण बसलं होतं ते कात्रीला माहीत होतं. गोल चेहरा, गोल डोळे. कोंबडी त्याच्या पोरीसारख्या पोरांच्या उत्तरासाठी चार वर्षं थांबत आली होती आणि मधला वेळ तो स्वतःच्या हाताने काढून टाकत होता, वर तिची नजर हलली नाही म्हणून खूष होत होता. त्याला फार वाईट वाटलं. आत्यांनी त्याच्यासमोर फळाची फोड सरकवली आणि म्हणाल्या, खा, आणि पोरीला माझ्याकडून एक पापा दे.

त्या दिवसापासून घरी त्याने मोजणं जवळजवळ सोडलं. बोट चालायचं, ते आता गेलं नसतंच, पण त्याचं लक्ष बोटाकडे नसायचं. तो गोटीच्या तोंडाकडे बघायचा. आणि बघता बघता त्याला कळलं की ती गप्प नसतेच. तिचे ओठ हलतात, भुवया वर जातात, एक हात हवेत अर्धवट जातो. एखाद्या माणसाने खोलीत काहीतरी शोधावं तशी ती आत कुठेतरी शब्द शोधत असते. हे सगळं त्याच्या चारच्या आकड्यानंतर सुरू व्हायचं. तिच्या तोंडाकडे बघत बसण्यात त्याला मजा येऊ लागली, मानेमागची खाज कधी गेली ते कळलंही नाही. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "दूध की पाणी?" आणि ती बराच वेळ दोन्ही पेल्यांकडे बघून म्हणाली, "शा..." आणि मग तिथेच अडली. पुढे काही आलं नाही. पण शाब्बासही आलं नाही. त्याने बायकोला दुकानात फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, माझ्यासमोर एका बाईचे डोळे उघडे आहेत, घरी येऊन ऐकते.

पुढच्या रविवारी सकाळी घरात आवराआवर चालली होती. गोटीची आई दुकानातून चष्म्यांच्या जुन्या डब्या आणायची, आणि गोटीचं सगळं खेळणं म्हणजे त्याच. उघडायची, मिटायची, टक आवाज ऐकायचा, एकात दुसरी घालून बघायची. कात्री जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. गोटीने एक लाल डबी घेतली, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती कपड्यांच्या टोपलीखाली सारली. लपवण्यात गुप्तता अशी काही नव्हती, टोपली एका बाजूने वर उचललेली राहिली. मग ती आली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"बाबा," ती म्हणाली. "डबी कुठे?"

कात्रीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिने आजवर त्याला कधी काही विचारलं नव्हतं. तो तिच्याकडून उत्तर यायची वाट बघत बसला होता, आणि ती त्यालाच विचारत होती. स्वयंपाकघराच्या दारात बायको ओले हात तसेच धरून उभी राहिली.

मग त्याला गोटीचा हात दिसला. तिने तो आपल्या गुबगुबीत गुडघ्यावर ठेवला होता, आणि तर्जनी वर उचलून खाली आपटत होती. एक. मग थांबून दोन. मग तीन. ओठ मिटलेले, डोळे त्याच्या तोंडावर. तिला आकडे येत नव्हते, पण बोट किती वेळा आपटायचं याचा तिचा काहीतरी हिशोब होता, कारण एका टप्प्यावर बोट थांबलं. कात्री अजून गप्पच होता. आता ती शाब्बास म्हणून उठून जाईल असं त्याला वाटलं.

ती उठली नाही. तिने मान तिरकी केली, थोडी पुढे सरकली, आणि बोट पुन्हा पहिल्यापासून आपटायला लागली.

"टोपलीखाली," कात्री म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

गोटीने हळूच मान डोलावली. मग वळून टोपली उचलली, लाल डबी काढली, ती त्याच्या मांडीवर आणून ठेवली, आणि त्याच्या गालावर हात थोपटून म्हणाली, "शाब्बास."